नाऱ्याची खुर्ची

आमच्या ऑफिसात एका हाताची खुर्ची आहे.
दुसरा हात कधी मोडला
ते कनुभाईलाही आठवत नाही.
मंगळवारी चार वाजता जो तिच्यात बसेल
त्यानं अभद्र बोलायचं, असा इथला नियम.

नियम अमीनसाहेबांचा. गुजराती माणूस,
पण म्हण आमच्याकडून उचलली:
शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.
ते म्हणाले, अरे, पण त्या नाऱ्याला कोणी विचारलं का,
की तुला धूर कुठे दिसला?
आणि मांडव घालण्याआधी विचारलं असतं तर?

या मंगळवारी टेबलावर माझं काम होतं.
कारेलीबागेतलं प्रसूतिगृह, तीस खाटा,
विश्वामित्रीपासून चालत सात मिनिटं.
अकरा कागद, पेन्सिलीचे. मी अजून असंच काढतो,
कॉम्प्युटरवर नंतर पोरं चढवतात.
कोपऱ्यात सही: ताम्हाणे,
शेवटच्या 'णे'ची मात्रा जरा ऐटीत.
जागेवर अजून काहीच नाही. गाजरगवत,
चुन्याच्या रेघा,
आणि एक म्हैस, जिला रेघा मान्य नाहीत.

खुर्चीत ऋता फणसे. लागून पाच महिने झालेत.
बसताना तिचा कोपर
नसलेल्या हातावर टेकायला गेला.

आधी सोपं विचारलं तिनं:
मातीचे तिन्ही बोअर पूर्वेलाच का?
मी म्हणालो, पश्चिमेला उसाच्या रसाची गाडी होती,
तो चरक हलवायला तयार नव्हता.
बोलून झाल्यावर
मी काय बोललो ते मला ऐकू आलं.
काळी माती. पावसात फुगते, मे महिन्यात फाटते,
संध्याकाळच्या वर्गाला मीच शिकवतो हे.
अमीनसाहेबांनी लिहून घेतलं: चौथा बोअर.
रसवाल्याला दोन दिवसांचा गल्ला भरून द्यावा.

मग तिनं सातवा कागद ओढला.
"सर, तळघरात पाणी आलं तर?"
पंप आहेत की. दोन. एक बंद पडला तर दुसरा.
"पंपांचा स्विच कुठंय?"
मी कागदावर बोट ठेवलं.
बोट तळघरात होतं.

कोणी काही बोललं नाही.
बशीतल्या सेव-उसळीवर तर्री थिजत गेली.

मला तो पूर आठवला.
गल्लीत मगर आली होती
आणि आम्ही गच्चीवरून तिचे फोटो काढत होतो.
पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत.
भिंतीवरची चिखलाची रेघ दिवाळीला मीच पुसली,
डिस्टेंपरचे दोन हात देऊन.
फक्त भिंतीवरूनच पुसली, असं समजत होतो.

राग आला, खोटं कशाला बोलू.
सव्वीस वर्षं स्लॅब टाकतोय मी,
आणि ही काल आलेली पोरगी.
राग नेमका कशाचा ते शोधत गेलो
तर तोही तिथेच सापडला, तळघरात, स्विचशेजारी.

रबर घेतला.
पॅनेल पहिल्या मजल्यावर, जनरेटर त्याला लागून.
मग औषधांची खोली सरकते,
ती सरकली की जिना,
जिना सरकला की बीम बदलतो.
"बदलू दे," अमीनसाहेब म्हणाले,
"आज बीम पेन्सिलीचा आहे."

सहा वाजता कनुभाईनं टेबल पुसलं.
रबराचा चुरा, दोन चिमटी.
फुंकर मारली, गेला.

पुढच्या मंगळवारी त्या खुर्चीत मी.
टेबलावर ऋताची पहिली पाण्याची टाकी.
सराव म्हणून हल्ली घरीही विचारत असतो.
रविवारी भाचीच्या साखरपुड्याचा हॉल बघायला गेलो.
झुंबर, गालिचा, भिंतभर मखमली पडदे,
सगळे म्हणाले, झकास.
मी म्हटलं, बाहेर पडायचं दुसरं दार कुठंय?
मेहुणा हसला, "शुभ बोल रे."
तोवर मी
पडद्यामागे भिंत चाचपत निघालो होतो.