आपला अनुभव कसा होता?

सर्व्हर डाऊन आहे, हे मी दिवसातून किती वेळा म्हणते
ते कुणी मोजत नाही.
तळाशीलला बर्फाच्या फॅक्टरीशेजारी ही खोली,
एक लॅपटॉप, एक अंगठ्याचं मशीन,
आणि सुट्टे पैसे आणा अशी पाटी.

सुंद्राकाकी मेतर आज तिसऱ्यांदा आलीय,
सुकतीची वेळ सोडून,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
नाही सांगितलं तर निराधारचे पैसे बंद.

अंगठा. जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
पदराला पुसून, खोबरेल लावून, परत पुसून,
दहाही बोटं झाली.
पन्नास वर्षं कालवं फोडणाऱ्या हातावर
मशीनला वाचण्यासारखं काही सापडेना.
"मी मेलंय, तर हय बसली हा ती कोण गो?"

म्हटलं, चेहरा बघू, हल्ली चेहराही चालतो.
मोबाईल म्हणतो, प्रकाश कमी आहे.
दारात नेलं, तर प्रकाश जास्त.
शेवटी उलट्या घातलेल्या होडीच्या आडोशाला
दोघी उभ्या राहिलो.
कृपया डोळे मिचकवा.
"ह्या वयात सरकाराक डोळो मारू?"
आणि हसताना पापणी लवली,
तेवढ्यात हिरवी खूण.

आता शेवटची चौकट. आपला अनुभव कसा होता?
पाच रिकाम्या चांदण्या.
त्या भरल्याशिवाय पावती निघत नाही,
म्हणून मी वर्षभर सगळ्यांच्या वतीने
पाचच्या पाच दाबत आलेय:
अकराव्या खेपेला मिळालेल्या सातबारावर,
प्रवेश संपल्यावर आलेल्या जातीच्या दाखल्यावर,
नावात एक काना जास्त पडलेल्या
मेलेल्या माणसाच्या दाखल्यावरसुद्धा.
तालुक्याच्या बैठकीत त्याचा आलेख लावला होता.
मला पुष्पगुच्छ मिळाला.

आज विचारलं. काकी, किती देऊ?
"इतरांका किती दितंस?"
पाच.
ती पाटीतल्या तिसऱ्यांचा वाटा लावावा तशी
चांदण्यांकडे बघत राहिली.
"तीन सुकत्यो बुडाल्यो माझ्यो. तितक्यो काप.
उरल्यो दोन. एक तुका,
एक डोळो मारल्याची."

मी दोन दाबल्या.
लगेच नवीन चौकट, आजवर कधी न पाहिलेली:
कारण लिहा, किमान पन्नास अक्षरे.

काकी पावतीसाठी हात पुढे करून उभी.
मी टाईप करते, तीन सुकत्या,
मग खोडते, ओहोटी लिहिते, मग परत सुकत्या.
दारातून दाजी कोचरेकर ओरडतो,
आटप गो, लाईट जातली.