मान

आर्लीन डीट्झच्या गॅरेजमध्ये
हीटर लावूनही बोटं आखडतात.
बाहेर कौडर्सपोर्टचा नोव्हेंबर,
तिच्या पिकअपच्या काचेवर बर्फाचा भुगा.
'गुरॉव,' ती म्हणते
(गुरव तिला जमलं नाही, मीही आता सांगत नाही)
'तुझे डोळे अजून शाबूत आहेत. मोज.'

शिरोलीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी दुसरं काय केलं?
व्हर्निअर धरायचा, श्वास धरायचा,
आकडा सांगायचा आणि शिव्या खायच्या.
मुलीनं इकडे आणलं तेव्हा वाटलं, सुटलो.
तर शेजारीण निघाली हरणं मारणारी,
आणि नवरा गेल्यापासून
त्याच्या बाकावर काडतुसं भरणारी.

वीस पुंगळ्या. पितळी, रिकाम्या,
साच्यातून काढून पुन्हा मापात दाबलेल्या.
यांना तोंड असतं, मान असते, खांदा असतो.
डोकं मात्र बुडाला म्हणतात.
का, ते मर्लला ठाऊक असेल.

दर बाराला पितळ थोडं पुढे सरकतं,
बुडाकडून खांद्याकडे, खांद्याकडून मानेकडे.
मान लांबते.
दोन दशांश चार नऊ चार इंच, ही शेवटची हद्द.
त्यापुढे गेली की बंदुकीच्या घशात
तिचं तोंड आवळलं जातं,
गोळी सुटायला बघते, ती सोडत नाही,
आणि आतला दाब
ट्रिगर ओढणाऱ्याच्या गालापाशी येतो.
म्हणून दहा थाउ मागे कापायचं. चार आठ चार.
दहा थाउ म्हणजे तीनेक केस.
तीन केसांवर माणसाचा डोळा राहतो किंवा जातो.

मी हँडल फिरवतो. कर्र. कर्र.
मग आवाज बंद होतो, म्हणजे झालं.
तोंडाची धार आतून मोडायची, बाहेरून मोडायची,
नाहीतर गोळीचं तांबं सोलून निघतं.
आर्लीन एकेक पुसून लाकडी ठोकळ्यात उभी करते.
बोलत नाही. मर्लही बोलत नसे म्हणे,
वहीत लिहायचा.

तेरावी जरा जास्तच लांब भरली.
मी पेपरक्लिप सरळ करून टोकाला वाकवली,
आत घातली, भिंतीवरून हळूच वर ओढली.
बुडाच्या थोडं वर
अडली.
पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच.
बाहेरून चकाकत होती, नवरीसारखी.
पितळ उघडं पडतं ते असं, आतून.

'ही नको,' मी म्हणालो. 'पुढच्या बाराला दोन तुकडे होतील.'
तिनं वही उघडली, बोट फिरवलं.
तेरा नंबर. सातवा बार. केटल क्रीक.
आठ टोकांचा नर. पाऊस. गुडघा दुखतोय.
त्याच्याखाली मर्लचं काही नाही,
पुढची पानं तिच्या अक्षरात.

मला वाटलं, खिशात घालेल.
कुणीही घातली असती.
मी नजर हटवून ब्रशनं बाक झाडत बसलो,
भुगा नसलेल्या जागी सुद्धा.

तिनं ती ऐरणीवर आडवी ठेवली
आणि हातोड्याचा एकच घाव घातला.
'चुकून कुणी भरायला नको,' म्हणाली.
कॉफीच्या डब्यात टाकली, भंगारात,
इतर चपट्यांमध्ये. आवाज झाला, आणि
कुठली ती, पुन्हा ओळखू येईना.
वहीत तेरावर रेघ मारली. तारीख घातली.
पट्टी लावून मारली, एवढं पाहिलं मी.

'चौदा,' ती म्हणाली.
मी चौदावी चिमट्यात धरली.

घरी आलो तर मुलगी दारातच हसली,
नाइट ड्यूटीला निघाली होती.
स्वेटरच्या बाहीवरचे पिवळे कण टिपत म्हणाली,
'बाबा, या वयात सोनारकी?'
मी म्हटलं, हो.
कापायचं किती, एवढंच बघतो.