औषधाला तीन हात

मांजराला गोळी द्यायला तीन हात लागतात.
एक मानगुटीवर, एक जबड्याशी,
एक गोळी आत ढकलायला.
हे एरंडवण्याच्या डॉक्टरीणबाई बोलल्या नाहीत.
त्या म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ, खाण्यानंतर, दहा दिवस,
आणि टाके चाटू देऊ नका.
जणू ती आमची परवानगी घेऊन चाटणार होती.

रिक्षात टोपली सुमेधच्या मांडीवर.
वर माझी ओढणी.
आत खारी, भुलीत, जिभेचं टोक बाहेर विसरलेलं,
डोळे उघडे आणि कुठेच न बघणारे.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्यानं ओढणी उचलली.
"श्वास चालू आहे," म्हणाला.
मला नाही. रिक्षावाल्याला.

मी या घरात आले त्याला चौदा महिने झाले.
मला काय म्हणायचं, ते त्याचं अजून ठरत नाही.
आई नाही, ते उघडच आहे.
काकू, मावशी, दोन्ही तोंडाशी येऊन परत जातात.
मग तो व्याकरणातून बोळ शोधतो:
चहा झालाय का. किल्ली कुठंय. आज उशीर होणारे.
फारच अडलं तर, द्या. ठेवा. असू द्या.
प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक काना,
खिडकीच्या गजासारखा उभा.

दवाखान्यातली प्लॅस्टिकची कॉलर
खारीनं पहिल्याच रात्री पलंगाखाली उतरवून ठेवली.
सुमेधनं कपाटातून जुना एक्स-रे काढला,
गोल कापला, कडांना चिकटपट्टी लावली.
कुणाचा रे, मी विचारलं.
बाबांचा गुडघा, म्हणाला.
सकाळी ती गॅलरीत उन्हाला बसली
तेव्हा तिच्या गळ्याभोवती बरगड्या उजळल्या.
डावीकडे एक धुरकट ठिपका.
मी काही बोलले नाही.
दूध तापवायला ठेवलं.

पोटावरचे केस भादरलेले.
खालची कातडी एवढी गुलाबी असेल असं वाटलं नव्हतं.
सहा टाके, निळा दोरा,
घाईत शिवलेल्या उशीच्या अभ्र्यासारखे.
सुकटीच्या चुऱ्यात गोळी लपवली, तिनं सुकट खाल्ली.
पेढ्यात लपवली, तिनं पेढा चाटून गोळी उघडी केली
आणि आमच्याकडे बघत बसली.

चौथा दिवस गुरुवार. नळाला पाणी नाही.
पिंपातलं उकळून गार केलं, कापूस भिजवला.
तिसऱ्या टाक्यापाशी पिवळा थेंब.
मी बेटाडीन टेकवलं आणि तिनं अंग असं काढून घेतलं
की माझ्या मनगटावर चार रेघा,
बाटली आडवी, फरशीवर तपकिरी ओघळ,
आणि सुमेध ओरडला,
"धर ना नीट! सोडतेस काय!"

मग कुकरची शिट्टी झाली.
मी धरलं.
माझे दोन्ही हात तिच्यावर, त्याच्या एका हातात कापूस.
चौथा हात रिकामा राहतो.
हेही कुणी सांगत नाही.
त्याचा तो हात काही वेळ हवेत होता,
मग फरशीवर, मग माझ्या मनगटाजवळ आला,
तिथं थोडं बेटाडीन लावलं,
वाजवीपेक्षा जरा जास्तच,
आणि खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, धरा.
मी धरलं.

टाके निघाले त्या आठवड्यात फ्रिज सरकवला
तर मागे साडेसहा गोळ्या.
कडा चाटून गुळगुळीत, धुळीत ओळीनं नाही,
जिथं पडतील तिथं.
तो उकिडवा बसून मोजत होता, मी केरसुणी घेऊन उभी.
"मग बरी कशी झाली ही?"
वाक्याला शेवटी काना नव्हता.
नावही नव्हतं.
पण खोलीत तिसरं कुणी नव्हतं,
आणि खारी तर ओट्यावर, आमटीच्या झाकणाशी.

कापलेला एक्स-रे त्यानं पुसून पाकिटात घातला.
मधे भोक, कडेला दोन निळे केस चिकटलेले वाटले,
बघितलं तर दोरा होता.
पाकीट आता नीट मिटत नाही.
तसंच ठेवलंय, खालच्या कप्प्यात,
माझ्या साड्यांच्या बाजूला.