तीन पॉइंट आठ

इलियास गेला तेव्हा गाडी विकली,
रिमोट विकला,
टायरं तर पोरांनीच वाटून घेतली.
बॅटऱ्या मात्र फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानी आणल्या. पाच.
एजंट म्हणला, विमानात नको.
विकत का नाहीस, मी म्हणालो.
म्हणाला, तेवढ्या राहू दे.

मी मोटारी भरणारा माणूस.
तांब्याची तार, वार्निशचा वास.
तांब्याला जपावं लागत नाही,
जळलं की काढायचं, नवं भरायचं.
या जिनसाचं निराळं.
भरून ठेवली तर आतल्या आत सडते,
रिकामी ठेवली तर मरते.
सेलमागे तीन पॉइंट आठ, बस.
"दोन घास कमी असताना ताटावरून उठावं, तशी."

हिंगोलीत मे महिन्यात
दुकानाचा पत्रा दुपारी कडकड बोलतो.
पहिल्यांदा फ्रीजमध्ये ठेवल्या, दह्याशेजारी.
वनमालानं दोन दिवस पाहिलं,
तिसऱ्या दिवशी हातात आणून दिल्या:
दोस्ताचा बॉम्ब दोस्तापाशी ठेवा.
तिचंही खरं. फ्रीजमधून काढलं की घाम फुटतो,
आणि घाम यांना चालत नाही.

मग कयाधूची वाळू आणली, चाळली,
तीन उन्हं दाखवली.
तडा गेलेला एक माठ होता, पाणी न धरणारा.
त्यात वाळू, वाळूत त्या उभ्या,
एकीला एक न लागता, तोंडाला चिकटपट्टी.
उत्तरेच्या भिंतीला, मोरीपासून लांब.
गिऱ्हाईक विचारतं, कामून वो, माठात काय पुरलंय?
ठेव आहे, म्हणतो.

महिन्याच्या पहिल्या आयतवारी मीटर घेऊन बसतो.
पांढऱ्या प्लगच्या भोकाभोकात सुई.
तीन ब्याऐंशी.
तीन ब्याऐंशी.
तीन एक्क्याऐंशी.
वहीत लिहितो. वही उधारीची,
मी मागच्या पानापासून धरलेली.
तिकडून उधारी येतेय, इकडून व्होल्टेज,
कुठंतरी गाठ पडेल.

शुक्रवारी त्याचा फोन, दोह्याहून.
"कशा आहेत?"
बायको-लेकरांचं नंतर.
"चार नंबरचा मधला सेल जरा खाली बसतोय."
"बॅलन्सला लाव. घाई करू नको."
तो तिथं कितव्या मजल्यावर, किती उन्हात,
मी विचारत नाही.
आवाजावरून आकडा कळतो.
एका ईदला तर तीनच्या आसपास होता.
तेव्हा खोटंच सांगितलं,
जिनिंगमागच्या मैदानात तुझ्या गाडीच्या चाकोऱ्या
अजून आहेत म्हणून.
नव्हत्या. कापसाचे ट्रक फिरून गेले होते.

आखाडात तीन नंबरची फुगली,
उशीच झाली.
वास गोडसर, नेलपॉलिशसारखा.
अंगणात वाळू पसरली, वर तिला ठेवलं,
ॲपेच्या इंडिकेटरचा बल्ब जोडला
आणि लांब स्टूल टाकून बसलो.
लाइट गेलेली होती गल्लीत.
शेजारची पोरं म्हणाली, काका, याच्यावर अभ्यास करू का?
मी ओरडलो, मागं व्हा.
आधी पांढरा, मग पिवळा,
मग विडीच्या टोकासारखा.
पावणेदहाला कळेना
पेटलाय का मलाच दिसतोय.

तिला नांदेडला नेऊन दिली,
जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडं. भंगारात टाकवली नाही.
माठातली तिची जागा वाळूनं लगेच भरून टाकली.
वाळूला काय.

शुक्रवारी म्हणाला, "कशा आहेत?"
"चार," मी म्हणालो.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, का पंखा.
कुठली, ते त्यानं विचारलं नाही.
"चार ठीक?"
"ठीक."
"मग पुरतील."
कधीपर्यंत, ते मीही विचारलं नाही.

आयतवारी नवं पान काढलं,
पट्टीनं ओळी मारल्या.
पाचवी सवयीनं मारली गेली.
राहू दिली.