फाइली जिथे होत्या तिथेच

चोपड्यात गुरुवारी दुपारी लाइट जाते,
म्हणून शरीफ तडवी बुधवारी रात्रीच आला
यावलहून मोटरसायकलवर,
सॅकमध्ये दोन जीबीची रॅम, रुमालात गुंडाळलेली,
अंडी आणावीत तशी.

“डबा जुना आहे, ताई. पण जीव आहे अजून.”
त्यानं झाकण काढलं. आत
पंधरा वर्षांची धूळ, कागदाचा भुगा,
पंख्याच्या पात्यात पिवळा पडलेला एक तांदूळ.
कुणाच्या तरी पहिल्या पत्रिकेवर टाकलेली अक्षता.

धनराजभाऊ असते तर म्हणाले असते,
“चालती गाडीले कसाले हात लावस रे भो?”
गेल्या पोळ्याला गेले ते.
प्रेस त्यांची, अक्षरांची वळणं त्यांनी निवडलेली,
मागच्या खोबणीतली हिरवी किल्ली त्यांची,
जी काढली की मराठी उमटतच नसे.
मी फक्त कळा दाबायची.
एकवीस वर्षं.

नव्या सिस्टिमचे टक्के सुरू झाले.
नऊ. चौदा.
सदतीसवर जी बसली ती बसलीच,
धरणगावच्या अलीकडे
सिग्नल न मिळालेली पॅसेंजर जशी.
माझा पोरगा कटिंग मशीनजवळ झोपून गेला.
शरीफनं कळण्याची भाकरी सोडली, अर्धी मला दिली.
पडद्यावर लिहिलं होतं, बंद करू नका.
जशी काही आमची हिंमत होती.

दीड वाजता पडदा निळा झाला आणि म्हणाला:
तुमच्या सर्व फाइली
जिथे होत्या तिथेच आहेत.

होत्याच.
मी उघडली ‘धनराजभाऊ गंधमुक्ती फायनल खरी’.
आत टोपी घातलेला इंग्रजी ए,
दोन ठिपक्यांचा ओ, पाउंडाची खूण,
एक अपूर्णांक, पुन्हा पाउंड, पुन्हा पाउंड.
शरीफचा चेहरा उतरला.
“फॉन्ट गेला, ताई. ही सिस्टिम किल्ली ओळखत नाही.
जळगावला एक जण आहे, नव्या अक्षरांत फिरवून देतो,
पण फाइलमागं पैसे घेतो. किती आहेत तुमच्या?”

सोळाशे.

मग मी म्हटलं, थांब जरा.
पाउंड म्हणजे काना.
टोपीवाला ए म्हणजे ध, अर्धा,
पाउंड लागला की पुरा होतो.
पुढं न. पुढं र. मग ज.
बोट ठेवून वाचत गेले मी:
तिथी, वार, तापीकाठ, सकाळी नऊ,
खाली शोकाकुल सगळी भावकी,
शेवटच्या नातवापर्यंत.
शरीफ पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता.

आणि तिथे मला ती दिसली.
नावाआधीच्या ‘कै’वर दोन मात्रांची खूण हवी होती,
एकीचीच होती.
सातशे प्रती छापल्या, घरोघर गेल्या,
धड मराठीत कुणाला दिसली नाही ती चूक,
मलासुद्धा.
कळ मीच दाबली होती.

शरीफनं आठशे सांगितले, सातशे घेतले.
हिरवी किल्ली मी काढली नाही.
आहे तिथे. काही उघडत नाही तिनं.

सकाळी वेल्याहून एक जण आला, बहिणीचं लग्न,
खाली पोरांच्या नावानं एक ओळ टाका म्हणाला.
मी नवा फॉन्ट घेऊन बसले, ‘सगळ्यांनी’ लिहायला गेले
आणि ळ सापडेना.
सगळ्या कळा दाबल्या. शिफ्ट धरून दाबल्या.
तो खुर्ची ओढून शेजारी बसला, म्हणाला,
“ऱ्हाऊ द्या ना ताई, अहिराणीमा टाका.
आमनी बोलीमा ळ लागस कोठे?”

सगया जन लगीनले येवानं बरं का,
मी टाइप केलं,
आणि ‘ले’वरची मात्रा
दोनदा मोजली.