शेवटचा नळ

पाच थेंब.
काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी,
वर औषधाचे पाच थेंब, अंगठा लावून हलवायचं
आणि थांबायचं.
पिवळं आलं तर पिण्याजोगं.
नाही आलं तर
नुसतं पाणी.

एवढंच माझं काम. नगरपंचायतीच्या रजिस्टरात
त्याला एक रकाना आहे,
माझ्या सहीला त्याहून छोटा.

शहर म्हणावं तर शहर नाही,
घरपट्टी तेवढी शहराची.
विहिरी खारपाणपट्ट्यातल्या; चहा फाटतो, डाळ शिजत नाही,
म्हणून साठ किलोमीटरवरून धरणाचं पाणी येतं,
आठव्या दिवशी, पहाटे,
आणि आदल्या रात्री कोणी धड झोपत नाही.
ड्रम, गुंड, कोपर, कूलरची टाकी,
लेकराचा आंघोळीचा टब.
मन्सूरभाई वॉलची चावी फिरवतो
की गल्लीगल्लीत टुल्लू पंप घुरघुरतात.

टाकीखालच्या पहिल्या नळाला पिवळं येतं,
झेंडूसारखं, दरवेळी.
साहेबांना दाखवायचा नळ तोच.
शेवटचा नाल्यापल्याड, अंजनाबाई खंडारेंच्या दारात,
हातभर खड्डा करून खाली बसवलेला,
कारण तिथवर येईतो पाण्यात
वर चढायचा जोर उरत नाही.
खड्ड्यात उतरून त्या वाटीनं भरतात,
वाटीतून गुंडात, गुंडातून घरात.

त्या नळापर्यंत मी
पोळ्यापासून गेलो नव्हतो.
सायकलची चेन, चिखल, पाठ. कारणं होती.
रजिस्टरही भरलेलं होतं,
शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक दोन,
एका शाईत, एका बैठकीत,
मुंग्यांची रांग जशी.

दिवाळी झाली. सरकारी दवाखान्यात
मी खोकल्याच्या गोळ्यांसाठी रांगेत चौथा.
बाकावर त्यांचा नातू सुबोध, दुसरीतला.
डॉक्टरीणबाईंनी त्याची खालची पापणी ओढली
आणि मला तिथून दिसलं
पिवळं.
नळीत यायला हवं होतं ते.

अंजनाबाई ओळखीचं हसल्या.
"तुमी पान्याचे ना, भाऊ?"
हो म्हणालो.
दुसरं काही म्हणता आलं नाही.

पुढच्या पाळीपर्यंत सहा दिवस होते.
त्यात नाल्यावरचा पाइप पाहून आलो,
जोडाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.
पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा असतो
आणि रिकामा पाइप तहानलेला,
जवळ जे असेल ते ओढून घेतो.
खाली डुकरं लोळत होती.

आठव्या दिवशी खड्ड्यात उतरलो.
पाच थेंब. हलवलं. थांबलो.
नळी उजेडाकडे धरली.
पलीकडचं आभाळ दिसलं, बाभूळ दिसली,
अंजनाबाईंच्या पातळाचा निळा काठ दिसला.
इतकं नितळ पाणी
मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

रकान्यात शून्य लिहिलं.
साहेब म्हणाले, "पुढचे दोन राहिले का?"
नाही म्हणालो, राहिले नाहीत.
मागच्या मुंग्या खोडाव्या म्हणून पानं उलटली,
पण खोडल्या नाहीत. असू देत.

पाइप बदलला एकेचाळीस दिवसांनी.
तोवर नाल्यापल्याड आणखी नऊ पापण्या.

आता पाळीला मी शेवटच्या नळावर आधी जातो.
गावातून तक्रारी येतात,
"पान्याले वास येते बावा, चायले चव नाई,"
त्या मी मन लावून लिहून घेतो.

अंजनाबाई मात्र नळी माझ्या हातून काढून घेतात.
स्वतः भरतात, थेंब मोजतात,
माझ्याकडे न बघता अंगठा लावतात.
"तुमी नका सांगू," म्हणतात,
"मले दिसते."

मी काठावर उभा.
त्या खड्ड्यात, नळी आभाळाकडे धरून.
सुबोध दाराशी दात घासत.
थांबतो आम्ही.