हाताला गुण

फेतूआओच्या हाताला गुण आहे
असं सवाइई बेटावर सगळे सांगतात.
प्रयोगशाळेत हाताला गुण नसतो, हातमोजा असतो,
म्हणून मी तिची पानं आणली
बर्फाच्या डब्यात, फेरीबोटीवरून,
नारळाच्या पोत्यांना टेकून,
‘मासे का?’ असं कुणी विचारलं की ‘हो’ म्हणत.

मातालाफी. कुंपणाकडेचं झुडूप,
बारीक पांढरी फुलं,
पानं अशी की वळून कुणी बघणार नाही.
ताप आत जाऊन बसला,
कातडी तटतटून लाल झाली,
किंवा मूल मध्यरात्री छपराकडे बघून किंचाळलं
की लोक फेतूआओकडे येतात.
ती म्हणते, आइतू आहे, कुणाचा तरी रुसलेला मेलेला.
पान धुते, चुरगळते, फडक्यातून पिळते
आणि करंगळीवरून एक थेंब जिभेवर सोडते.

मी म्हणते, दाह.
आमच्यात यावरून भांडण नाही.
ती विचारते, तुझा दाह रुसून बसत नाही का?

अपियात, जनरेटरच्या घरघरीत,
शहाण्णव खळग्यांच्या थाळीत
मी भक्षक पेशींना डिवचलं.
जंतूच्या कवचाचा नुसता वास दिला
तर एकमेकींना निरोप धाडू लागल्या:
आग, आग, धावा.
काही खळग्यांत पानाचा रस,
काहींत दवाखान्यातली गोळी विरघळवून,
काहींत पाणी.
तीन वेळा काहीच झालं नाही.
पानं मी वाळवली होती, साठ अंशांवर, रीतसर.
फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ हसली,
मग मागे कुणाला तरी म्हणाली,
‘तालानं चहा केला.’

चौथ्या वेळी ओली पानं.
निरोप कमी झाले. थांबले नाहीत, कमी झाले,
चर्च रिकामं झाल्यावर
मागच्या बाकावर दोघी कुजबुजत राहाव्यात, तेवढे उरले.
रसातला एक रेणू लोखंड धरून ठेवत असावा,
असा माझा अंदाज:
भांडणाऱ्याच्या हातून
कुणी न बोलता कोयता काढून घ्यावा, तसा.

तिच्या करंगळीचा थेंब
मी काचपट्टीवर दहादा सोडायला लावला.
कशासाठी ते सांगितलं नाही.
बेचाळीस मायक्रोलिटर. एक्केचाळीस. बेचाळीस.
त्रेचाळीस, तेव्हा कोंबडा आडवा आला होता.
माझ्या पिपेटला कंपनीचा दाखला आहे,
दरवर्षी नवा, पैसे भरून.

तिचे गुडघे मात्र पपईएवढे.
उशाशी गोळ्यांचं पाकीट,
थाळीत मी विरघळवली तीच गोळी.
स्वतः पिळलेलं स्वतःला लागू पडत नाही, म्हणते,
आणि बाकी पिळणाऱ्या
ऑकलंडला मुलांकडे गेल्या, की मातीत, एकेक करून.

गेल्या शनिवारी मी पिळलं.
हातमोजा न घालता. हिरवं नखांत शिरलं,
अजून निघालेलं नाही.
‘किती?’ असं विचारलं,
पण ती तोंड उघडून बसली होती, उत्तर कसं देणार.
गिळून म्हणाली, ‘कडू.’
मग, ‘जास्त झालं.’
भिंती नसलेल्या घरात चटईवर आडवी झाली
आणि डासांना नावं ठेवत राहिली.
गुडघ्याचं अवाक्षर नाही.

वहीत लिहिलं:
नमुना एक. तुलना नाही. निष्कर्ष नाही.

पाकिटात रात्री पाच गोळ्या होत्या.
सकाळी पाच.
यावरून काही सिद्ध होत नाही,
मी स्वतःला बजावलं,
आणि परत मोजल्या.